टेलर सिरीजमध्ये नसलेला टेलर

इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला की पहिल्याच वर्षी ज्या परक्या माणसांशी आपली गाठ पडते, त्यात टेलर नावाचा एक गृहस्थ असतोच. गणिताच्या पेपरात त्याची सिरीज ठरलेली. पुढे मेकॅनिकलवाल्यांना टूल लाइफचे समीकरण येते, तिथे टेलर. मॅनेजमेंटच्या विषयात सायंटिफिक मॅनेजमेंट येते, तिथे पुन्हा टेलर. फ्लुइडमध्ये एकात एक ठेवलेल्या फिरत्या सिलिंडरमधले भोवरे, तिथेही टेलरच. आमच्या हॉस्टेलवर अनेकांचा असा समज आहे की हा सगळा एकच माणूस असावा आणि विद्यार्थ्यांना छळण्याशिवाय त्याला दुसरा उद्योग नसावा.

तसे नाही. सिरीजवाला ब्रूक टेलर १६८५ ते १७३१ या काळातला, त्याचे ते प्रसिद्ध पुस्तक १७१५ सालचे. टूल लाइफवाला आणि मॅनेजमेंटवाला मात्र खरोखरच एक, अमेरिकेतला फ्रेडरिक विन्स्लो टेलर, १८५६ ते १९१५. भोवऱ्यांवाला जेफ्री इंग्रॅम टेलर, १८८६ ते १९७५. हा आपल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या जॉर्ज बूलचा सख्खा नातू, म्हणजे बूलियन अल्जिब्रात नापास झालेल्याला फ्लुइडमध्येही सुटका नाही! क्रिकेटमधला मार्क टेलर तर सगळ्यांना माहीत. १९९८ साली पेशावरला नाबाद ३३४ वर थांबून त्याने डाव घोषित केला आणि ब्रॅडमनच्या बरोबरीत राहिला.

इतके टेलर कुठून आले? तर टेलर म्हणजे शिंपी. आपल्याकडे जसे शिंपी, सुतार, लोहार ही धंद्यावरून आडनावे पडली तशीच तिकडेही पडली. कपडे शिवणारे गावोगाव होते, म्हणून इंग्लंडमधल्या अगदी नेहमीच्या आडनावांत टेलर वरच्या नंबरात येते. आता या सगळ्या टेलरांत एक असा निघाला की ज्याने आयुष्याची पस्तीसेक वर्षे आपल्या भागात, निजामाच्या मुलखात काढली, मोजणी केली, तलाव दुरुस्त केले, कादंबऱ्या लिहिल्या. आणि आपल्याला मात्र त्याचा पत्ताच नाही. मला तरी नव्हता.

मी देवगाव फाट्याचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात, जालना-जिंतूर रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे मिळतो तो आमचा फाटा. एस.टी.ची वाट बघणे हा आमच्याकडचा मुख्य व्यवसाय, आणि वाट बघता बघता वाचणे हा माझा जोडधंदा. कर्नल फिलिप मेडोज टेलरचे स्टोरी ऑफ माय लाइफ हे आत्मचरित्र मी असेच, अर्धे फाट्यावर आणि अर्धे हॉस्टेलच्या गच्चीवर, शेजारी डिक्शनरी घेऊन वाचले. जुनी इंग्रजी आहे, पण माणूस गप्पा मारल्यासारखा लिहितो. नळदुर्ग, तुळजापूर, बुलढाणा ही नावे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकात भेटली की कसं वाटतं, ते वाचल्याशिवाय कळायचं नाही.

हा टेलर २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला जन्मला. बाप व्यापारी, धंद्यात खोट आली आणि पोराचे शिक्षण अर्धवट सुटले. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून पाठवायचे ठरले. पुढेमागे धंद्यात भागीदारी मिळेल असे आश्वासन होते. १८२४ साली पोरगा जहाजाने मुंबईला उतरला तर बॅक्स्टरचेच दिवाळे वाजायच्या बेतात! प्लेसमेंट मिळाली, जॉइन व्हायला गेलो आणि कंपनीच बुडालेली, अशी गत. नशिबाने न्यूनहॅम नावाचे एक नातेवाईक मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी खटपट करून निजामाच्या फौजेत त्याला कमिशन मिळवून दिले, आणि नोव्हेंबर १८२४ मध्ये हा जेमतेम सोळा वर्षांचा मुलगा औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीकडे निघाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तो कंपनी सरकारचा नोकर नव्हता, निजामाचा होता. त्यामुळे करारबद्ध गोऱ्या साहेबांना जी बढती, जो पगार आणि जो मान मिळे तो याला सहजासहजी मिळणार नव्हता. पाठीमागे डिग्री नाही, वशिला संपलेला. मग त्याने एकच केले, शिकत सुटला. आधी हिंदुस्तानी, मग फारसी आणि मराठी. नुसती कामापुरती नाही, लोकांशी बसून बोलता येईल इतकी. पुढे गरज पडली तसतशी जमीन मोजणी, बांधकाम, देशी आणि इंग्रजी कायदा, भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र. सगळे स्वतःचे स्वतः, पुस्तके मागवून आणि चुकतमाकत. आपण एका सेमिस्टरला पाच विषय म्हटले की गाइड शोधतो, म्हणून हे जरा ठळकपणे सांगितले.

विशीही ओलांडली नव्हती तेव्हा त्याला पोलिसात असिस्टंट सुपरिंटेंडेंट म्हणून नैर्ऋत्येकडचा मोठा जिल्हा दिला गेला. या काळातली एक गंमत त्याने लिहून ठेवली आहे. बाजारातले पीठवाले पिठात वाळू मिसळतात अशी तक्रार आली. साहेबाने त्यांना बोलावले, आपापल्या दुकानातले पीठ आणायला लावले आणि समोर बसवून तेच खायला लावले. पुढे कित्येक वर्षे लोक त्याला वाळू खाऊ घालणारा साहेब म्हणून ओळखत. (आमच्या मेसच्या कंत्राटदारांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

याच नोकरीत ठगांचा माग त्याला लागला होता. वाटसरूंना गोड बोलून सोबत घ्यायचे आणि रुमालाने गळा आवळून मारायचे, अशा टोळ्यांच्या खुणा त्याच्या जिल्ह्यात सापडू लागल्या होत्या. पण तेवढ्यात त्याला परत पलटणीत जावे लागले आणि हे प्रकरण उघडकीस आणण्याचे श्रेय पुढे स्लीमनच्या नावावर जमा झाले. याची हळहळ त्याला जन्मभर राहिली. नंतर माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतींवरून त्याने कन्फेशन्स ऑफ अ ठग ही कादंबरी लिहिली. रजेवर इंग्लंडला असताना १८३९ साली ती निघाली आणि इतकी गाजली की राणी व्हिक्टोरियाने छापून पूर्ण व्हायच्या आधीच प्रुफाचे कागद मागवून घेतले. अमीर अली नावाचा ठग स्वतःची कहाणी सांगतो आहे अशी तिची मांडणी. ठग हा आपला शब्द इंग्रजीत रुळला त्यात या पुस्तकाचा हात मोठा आहे. अलीकडच्या इतिहासकारांना मात्र ठगांचे हे सगळे चित्र जसेच्या तसे मान्य नाही. लुटारूंच्या निरनिराळ्या टोळ्यांना एकाच भयंकर पंथाचे रूप देऊन इंग्रजांनी आपली सत्ता आणि आपले पोलीस पक्के केले असे बरेच जण मांडतात. मला हे पटते. कादंबरी म्हणून ती वाचनीय आहेच, पण इतिहासाचे पुस्तक म्हणून उशाशी घेऊ नये.

मधल्या काळात, १८३२ साली, त्याचे लग्न झाले होते. बायको मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. या पामरसाहेबांची आई हिंदुस्थानी, फैज बख्श बेगम. म्हणजे टेलरच्या घरातच दोन्हीकडचे रक्त होते. मेरी १८४४ साली गेली. त्यानंतर तो कामात बुडाला, आणि ते काम होते शोरापूरचे.

शोरापूर म्हणजे आजचे सुरपूर, कर्नाटकच्या यादगीर जिल्ह्यात. बेडर राजांचे छोटे डोंगरी संस्थान. राजा वारला होता, वारस व्यंकटप्पा नायक लहान पोर, राणी ईश्वरम्मा कुणाला जुमानत नव्हती आणि निजामाची खंडणी थकलेली. रेसिडेंट फ्रेझर यांनी हे त्रांगडे सोडवायला टेलरला पाठवले. लढाई न होऊ देता, बोलून, दटावून आणि वेळ काढून त्याने कारभार हातात घेतला, आणि १८५३ पर्यंत तो तिथेच राहिला. खजिना सावरला, हिशेब लावले, रस्ते केले. बोनाळचा मोठा तलाव सतराव्या शतकात तिथल्या पाम नायक राजाने बांधलेला, तो टेलरने नव्याने दुरुस्त केला. लोक त्याला महादेवबाबा म्हणायचे. त्याच्या बंगल्याला तिकडे टेलर मंझिल म्हणतात.

सिव्हिलवाल्यांसाठी आणखी एक. शोरापूरच्या आसपास, राजनकोळूर, जेवर्गी वगैरे ठिकाणी, मोठमोठ्या शिळा उभ्या करून रचलेल्या प्राचीन दफनभूमी आहेत. लोक त्यांना काहीबाही म्हणत. टेलरने त्या उकरल्या, पण खजिना शोधणाऱ्यासारख्या नाही. खोदताना कुठल्या थरात काय लागले, किती खोलीवर लागले याची त्याने मापे घेतली आणि उभ्या छेदाची चित्रे काढली. आपण ड्रॉइंग हॉलमध्ये सेक्शन काढतो ना, तेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असे खोदकाम जगातही फार कुणी करत नव्हते. पुढे शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या नामांकित पुरातत्त्वज्ञाने या छेदचित्रांची मुद्दाम वाखाणणी केली. सेक्शनल व्ह्यूचा उपयोग काय असे सबमिशनच्या रात्री विचारणाऱ्यांना हे उत्तर.

१८५३ साली घडले असे की, हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी कंपनीने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग तोडून घेतला. नळदुर्गचा जिल्हा टेलरकडे आला. म्हणजे आपल्या मराठवाड्याचा एक कोपरा चार वर्षे त्याच्या हाताखाली होता. तो नळदुर्गच्या किल्ल्यातच राहायचा. ज्यांनी हा किल्ला पाहिला नसेल त्यांनी एकदा पावसाळ्यात जावेच. बोरी नदीवर आडवा बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, आणि पूर आला की महालाच्या अंगावरून पाणी कोसळते, आत माणूस मात्र कोरडा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे काम. टेलरला त्याचे मोठे कौतुक होते.

या जिल्ह्यात त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली. मोजणीदार आणायचे कुठून? मग स्थानिक पोरांनाच शिकवून त्यांच्याकडून काम करून घेतले. शेतकऱ्याच्या सारावसुलीत हात मारणाऱ्यांना खरी मोजणी नको असते हे त्याला चांगले ठाऊक होते. पण तेवढ्यावर भाबडेपणाने जाऊ नका, मोजणी शेवटी सरकारच्या वसुलीसाठीच होती. त्याच्या हातून रयतेचे भले झाले ते वसुलीच्या चौकटीत बसेल तेवढेच.

तुळजापूर त्याच्याच हद्दीत. तिथली यात्रा, पुजारी, डोंगरातल्या पायऱ्या, कल्लोळ हे सगळे त्याच्या मनात इतके बसले होते की पुढे १८६३ साली त्याने तारा या नावाची कादंबरी लिहिली ती तुळजापुरावरच. तुळजापूरच्या एका ब्राह्मणाची विधवा मुलगी तारा, अफझलखानाचा मुलगा, आणि पार्श्वभूमीला शिवाजी महाराज आणि विजापूर दरबार. तिच्यानंतर १७५७ च्या सुमाराची राल्फ डार्नेल आणि १८५७ ची सीता. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या, अशी त्याची योजना होती. शेवटच्या काळात चांदबिबीवरही एक लिहिली. महाराजांचे चित्र त्याने आपल्याला आवडेल असे रंगवलेले नाही. पण त्या काळी एका गोऱ्या माणसाने तुळजापूरच्या गल्लीतली मुलगी कादंबरीची नायिका करावी, हेही थोडे नाही.

आता १८५७. उत्तरेत आग लागली आणि टेलरला नळदुर्गहून उचलून वऱ्हाडात, बुलढाण्याला धाडण्यात आले. आमच्या फाट्यावरून जालन्याकडे निघाले आणि पुढे चालत राहिले की तोच मुलूख येतो. रेसिडेंटकडून त्याला मिळालेला हुकूम थोडक्यात असा होता की फौज देता येणार नाही, जमेल तसे निभाव. त्याने निभावले. लोकांत फिरत राहिला, ओळखीचे देशमुख-पाटील धरून ठेवले, आणि वऱ्हाड शांत राहिले. इंग्रजांच्या दृष्टीने ही त्याच्या नोकरीतली सर्वात मोठी कामगिरी.

आणि नेमके याच वेळी शोरापूर पेटले. ज्या व्यंकटप्पाला त्याने अंगाखांद्यावर वाढवले, जो त्याला अप्पा म्हणायचा, तो आता विशी ओलांडलेला राजा होता. फेब्रुवारी १८५८ मध्ये त्याने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. बेडरांनी इंग्रजी फौजेला झुंज दिली, पण टिकाव लागला नाही. राजा हैदराबादेत गेला आणि पकडला गेला. सालारजंगांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केले.

टेलर त्याला कोठडीत भेटायला गेला. आत्मचरित्रातली ही पाने मी तीनदा वाचली. पोरगा गळ्यात पडून रडला. रेसिडेंटला हवे होते की कुणी चिथावले त्यांची नावे टेलरने प्रेमाने काढून घ्यावीत. राजाने नावे दिली नाहीत. अप्पाला बरेच काही सांगेन, पण हे सांगायचे नाही, असे त्याचे ठाम उत्तर होते. जीव वाचवायला याचना करणार नाही म्हणाला. फक्त चोरासारखे फासावर टांगू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढीच त्याची मागणी. हा प्रसंग सावरकरांनीही आपल्या १८५७ च्या ग्रंथात घेतला आहे, आणि त्यांना तो मिळाला तो टेलरच्या पुस्तकातूनच. म्हणजे या राजाचा ताठ कणा आपल्यापर्यंत पोचला तो त्याच्या शत्रुपक्षातल्या माणसाने तो जसा पाहिला तसा लिहून ठेवला म्हणून.

शिक्षा आधी मृत्यूची झाली, मग जन्मठेप-काळ्या पाण्याची, आणि शेवटी गव्हर्नर जनरलने ती चार वर्षांच्या कैदेवर आणली. टेलरने त्यासाठी शब्द टाकला होता. राजाला मद्रासजवळ चिंगलपेटला नेत होते. वाटेतल्या एका मुक्कामावर, मे १८५८ मध्ये, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचे पिस्तूल घेऊन त्याने स्वतःला संपवले. राजाच्या पत्रिकेत चोविसाव्या वर्षी मृत्यू लिहिलेला होता आणि तो कागद आपण पूर्वी पाहिला होता, असे टेलर लिहितो. पत्रिकेचे राहू द्या. मला दुसरेच काहीतरी टोचते. टेलर या मुलाला हाताला धरून लिहाय-वाचायला, घोड्यावर बसायला, हिशेब बघायला शिकवतो, आणि तो मुलगा मोठा होऊन टेलरच्या सरकारविरुद्ध उभा राहतो. टेलर त्याला शेवटपर्यंत चुकीच्या संगतीने बिघडलेला पोरगाच समजत राहिला. आपले राज्य आपल्याला हवे हे म्हणणे बिघडणे असू शकत नाही, हे एवढ्या शहाण्या, एवढ्या मायाळू माणसाच्याही ध्यानात आले नाही. की आले होते आणि लिहिता आले नाही? आमच्या रूमवर यावरून एक अख्खी रात्र वाद झाला. माझा रूममेट म्हणतो तो साहेबच होता, बाकी सगळा मुलामा. मी म्हणतो मुलामा असता तर त्याने राजाचे ते उत्तर पुस्तकात येऊच दिले नसते. अजून मिटलेले नाही.

१८६० साली इंग्रजांनी निजामाच्या निष्ठेवर खूश होऊन नळदुर्ग आणि रायचूर त्याला परत केले, वर शोरापूरही बक्षीस दिले. ज्या दोन ठिकाणी टेलरने जीव ओतला ती दोन्ही एका तहाच्या कागदावर इकडची तिकडे झाली. त्याच वर्षी तब्येत ढासळल्याने तो निवृत्त झाला आणि आयर्लंडमध्ये डब्लिनला जाऊन राहिला. तिथे बसून कादंबऱ्या, आणि १८७० साली हिंदुस्थानच्या इतिहासावर विद्यार्थ्यांसाठी एक जाडजूड पुस्तक.

१८७५ मध्ये सालारजंगांच्या आमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादला आला. डोळे जवळजवळ गेले होते. ज्या मुलखातली एकेक टेकडी त्याने मापली होती, तो आता त्याला दिसत नव्हता. इथे ताप भरला, तसाच परत निघाला, आणि वाटेत फ्रान्समधल्या मांतों या गावी १३ मे १८७६ रोजी गेला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी, १८७७ साली निघाले, मुलगी ॲलिसने संपादन केलेले.

नळदुर्गचा पाणीमहाल अजून आहे. शोरापूरकडचा बोनाळ तलावही आहे, आता ते पक्षी अभयारण्य आहे. सिव्हिलच्या एच.ओ.डी. सरांना एक विनंती करून ठेवतो. पुढच्या स्टडी टूरला नेहमीचे तेच धरण न दाखवता आम्हाला नळदुर्गला न्यावे. आणि एस.टी. आमच्या फाट्यावरून न्यायची झाली तर चहा माझ्याकडून.